सहायक साधनांसाठी निधी : उपकारापासून हक्कापर्यंतची पार्श्वभूमी

दिव्यांग व्यक्तीला लागणारी चाकाची खुर्ची, पायाला आधार देणारा कॅलिपर, श्रवणयंत्र किंवा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर यांचा खर्च कोणी करायचा, या प्रश्नाचे उत्तर भारतात आधी सैनिकांच्या बाबतीत मिळाले. दुसऱ्या महायुद्धातील जखमींसाठी १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. युद्धात पाय गमावलेल्या जवानाला कृत्रिम पाय देणे हे सरकारने आपले देणे मानले आणि ते योग्यच होते. रेल्वे अपघातात पाय गमावलेला कामगार किंवा पोलिओने अधू झालेले मूल यांच्याबाबत मात्र ही भावना नव्हती. मुंबईत हाजी अलीजवळ १९५५ मध्ये उभी राहिलेली पुनर्वसन संस्था आणि १९७२ मध्ये स्थापन झालेले कानपूरचे कृत्रिम अवयव निर्मिती महामंडळ यांमुळे नागरिकांसाठी उपचार आणि उत्पादनाची सोय वाढली, तरी साधनाची किंमत कोणी भरायची हे ठरलेले नव्हते.

ही पोकळी बऱ्याच अंशी दानशूरांनी भरली. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास जयपूरमध्ये घडवलेला पाय स्वस्त होता, अनवाणी चालता येईल असा होता आणि तो घालून मांडी घालून बसताही येत असे. १९७५ पासून भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो विनामूल्य बसवण्याचे काम हाती घेतले. या कामाचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु देणगीवर चालणारी सेवा देणगीदाराच्या इच्छेवर अवलंबून असते आणि ती नाकारली गेली तर दाद मागायला जागा नसते.

आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळल्या गेलेल्या १९८१ मध्ये केंद्र सरकारने सहायक साधनांच्या खरेदीसाठी अनुदानाची योजना सुरू केली. संबंधितांमध्ये ती ‘अॅडिप’ या इंग्रजी नावाच्या लघुरूपाने ओळखली जाते. तिची पद्धत आजही परिचित आहे : तालुक्याच्या गावी तपासणी व मोजमाप शिबिर, मग काही काळाने वाटप शिबिर. अडचण योजनेच्या अटींत होती. २०१४ च्या सुधारणेनुसार मासिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असल्यास संपूर्ण आणि २०,००० रुपयांपर्यंत असल्यास निम्मे अनुदान मिळे, तर साधारण साधनाच्या किमतीची मर्यादा १०,००० रुपये होती. कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवल्या जाणाऱ्या यंत्रासाठी, मात्र प्रति बालक ६ लाख रुपयांपर्यंतची तरतूद झाली, ही त्या सुधारणेची मोठी जमेची बाजू. एकाच प्रयोजनासाठी तीन वर्षांत दुसऱ्यांदा साधन मिळत नाही. बारा वर्षांखालील मुलांसाठी ही अट एका वर्षाची आहे. वापरणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर ही गणिते फार कोरडी वाटतात. उत्पन्न मर्यादेपेक्षा हजार रुपयांनी अधिक असले म्हणून खुर्चीची गरज संपत नाही आणि खडबडीत रस्त्यावरच्या तीनचाकी सायकलीची चाके तीन वर्षांची वाट पाहत नाहीत.

निधीची मागणी हक्काच्या भाषेत मांडली गेली ती १९९० च्या दशकात. दिव्यांग हक्कांसाठी लढणारे कार्यकर्ते जावेद अबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर १९९५ मध्ये दिल्लीत केलेल्या आंदोलनानंतर त्याच महिन्यात अपंग व्यक्तींसाठीचा कायदा संसदेत संमत झाला. त्याच्या कलम ४२ ने साधने पुरवण्याच्या योजना आखणे शासनांवर बंधनकारक केले. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली आणि त्यामुळे परवडणाऱ्या दरात साधने उपलब्ध करून देण्याची आंतरराष्ट्रीय जबाबदारीही स्वीकारली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम २४ मध्ये विनामूल्य साधनांचा उल्लेख आहे, पण ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ आणि अधिसूचित उत्पन्नमर्यादेच्या अधीन राहून. निधीसाठी झगडणाऱ्यांचा आजचा बराचसा युक्तिवाद या दोन अटींभोवती फिरतो, कारण कायद्याने हक्क मान्य केला तरी त्याची किल्ली या अटींनी पुन्हा अर्थखात्याच्या हाती दिली आहे.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू होताना हीच बाब वेगळ्या रूपात पुढे आली. चाकाची खुर्ची, ब्रेल टंकलेखन यंत्र अशा साधनांवर कर लावण्यास दिव्यांगांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला. काही वस्तूंचे प्रस्तावित दर कमी होऊन पाच टक्क्यांवर आले, मात्र कर पूर्ण माफ झाला नाही. करमाफी दिल्यास देशी उत्पादकांना कच्च्या मालावर भरलेल्या कराचा परतावा मिळणार नाही आणि त्यांचा माल आयातीपुढे महाग ठरेल, असे सरकारचे म्हणणे होते. हा मुद्दा हिशेबाच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. परंतु चालण्यावर कर का, या संघटनांच्या प्रश्नाला त्यात उत्तर नव्हते.

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार २९ लाख ६३ हजारांहून अधिक दिव्यांग व्यक्ती होत्या. येथे ग्रामपंचायतींपासून महानगरपालिकांपर्यंत स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील ठरावीक हिस्सा दिव्यांगांसाठी राखायचा असतो. तो पूर्वी तीन टक्के होता, नंतर पाच टक्के झाला. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागाची घोषणा केली. राखीव निधीचे महत्त्व मोठे आहे, कारण केंद्राच्या योजनेत सहज न बसणारी गरज, म्हणजे तुटलेला पट्टा, झिजलेले चाक, श्रवणयंत्राच्या संपलेल्या बॅटऱ्या, गावपातळीवरच भागू शकते. त्यामुळे ग्रामसभेत या पाच टक्क्यांचा हिशेब मागणे, तो मार्चअखेरीच्या घाईत एकसारख्या वस्तूंच्या वाटपावर न संपवता दुरुस्तीसाठीही वापरावा असा ठराव मांडणे, हे आता या मागणीचे सर्वांत जवळचे रूप झाले आहे.