डबल बेस ड्रमिंग : वेग आणि सारखेपणा

डबल बेस म्हणजे ड्रमकिटवरचा बेस ड्रम, ज्याला आपण सगळे किकच म्हणतो, तो दोन्ही पायांनी वाजवणं. त्यासाठी दोन वेगळे बेस ड्रम ठेवता येतात, नाहीतर एकाच ड्रमला दोन बीटरवालं (बीटर म्हणजे ड्रमवर आदळणारा दांडा) डबल पेडल लावता येतं, आणि आजकाल बहुतेकजण पेडलच घेतात कारण दोन मोठे ड्रम टेम्पोत घालून गिगला (कार्यक्रमाला) न्यायचे, वर दोन्हीचं ट्यूनिंग जुळवत बसायचं हे परवडत नाही. इथे बोलायचंय ते पाय जलद कसे होतात आणि दोन्ही पायांचे ठोके एकसारखे कसे पडतात याबद्दल.

मुळात ही कल्पना मेटलवाल्यांची (रॉकचा जास्त आक्रमक प्रकार) नाही, जॅझची आहे. लुई बेलसन या अमेरिकन ड्रमरने १९३० च्या दशकाच्या शेवटी, शाळेत असतानाच, दोन बेस ड्रमच्या किटचं डिझाईन काढलं आणि १९५१ पासून ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये तो तसं किट घेऊन वाजवायला लागला. रॉकमध्ये १९६६ च्या सुमारास द हू या बँडचा कीथ मून आणि क्रीम बँडचा जिंजर बेकर. पण गाणंभर दोन्ही पाय सलग चालू ठेवायचे हे लोकांच्या डोक्यात बसलं ते मोटरहेड बँडच्या १९७९ च्या 'ओव्हरकिल' या गाण्यामुळे. त्याची जन्मकथा मला फार आवडते, त्यांचा ड्रमर फिल टेलर दोन बेस ड्रमवर पायांचा मेळ बसवत नुसता सराव करत होता, बाकीचे दोघं आले, थांबू नको म्हणाले, आणि त्या सरावातूनच गाणं उभं राहिलं. मग स्लेअर बँडचा ड्रमर डेव्ह लोम्बार्डो, डेथ मेटल या आणखी उग्र प्रकारात पीट सँडोव्हल, जीन होग्लन, नाईल बँडचा जॉर्ज कोलियास. आपल्याकडे मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शन, भयानक मौत, गटस्लिट अशा बँडांच्या गिगमध्ये हा आवाज पोरांनी अगदी समोर उभं राहून ऐकला.

आता हिशोब बघा. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० मात्रा) सिक्स्टींथ, म्हणजे मात्रेला चार ठोके, वाजवले तर सेकंदाला ८ ठोके, दोन ठोक्यांत १२५ मिलिसेकंद. १८० ला सेकंदाला १२, म्हणजे अंतर साधारण ८३. समजा डावा पाय दरवेळी २० मिलिसेकंद उशिरा पडतो. १२० ला अंतरं होतात १४५ आणि १०५, थोडं लंगडं वाटतं पण खपून जातं. तेच १८० ला १०३ आणि ६३, आणि मग सरळ टकटकटकटक ऐवजी टक्-टक, टक्-टक अशी घोडदौड ऐकू येते. पाय तोच, चूकही तेवढीच, फक्त वेग वाढल्यावर ती उघडी पडली. म्हणून माझं ठाम मत आहे की "स्पीड येत नाहीये" अशी तक्रार असते तेव्हा दहातल्या नऊ वेळा खरा प्रॉब्लेम सारखेपणाचा असतो, आणि तो हळू वेगातच सोडवायला लागतो.

डावा पाय मागे का पडतो? उजव्या हाताने वाजवणाऱ्याचा डावा पाय वर्षानुवर्षं हाय-हॅट (पेडलने मिटणारी झांजांची जोडी) दाबून धरायचं काम करत आलाय, मारून लगेच सोडायचं नाही. त्यात डबल पेडलमध्ये डावा बीटर जोडदांड्यातून फिरतो, त्याच्या सांध्यांत थोडा ढिलेपणा आणि जडपणा असतोच. आणि कमी जोरात पडलेला ठोका कानाला उशिरा पडल्यासारखाही वाटतो. त्यावर उपाय कंटाळवाणे आहेत पण लागू पडतात. ७० बीपीएमला एकट्या डाव्या पायाने एट्थ (मात्रेला दोन ठोके), पाच मिनिटं, बीटर चामड्यावर दाबून न ठेवता प्रत्येक वेळी परत येऊ द्यायचा. मग दोन्ही पाय, पण सुरुवात डाव्याने. फोन जमिनीवर ठेवून रेकॉर्ड करायचं आणि ऑडॅसिटी या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, मोठा करून बघायचा, उंच-बुटकी, उंच-बुटकी अशी दातेरी रांग दिसली की समजायचं डावा कमी पडतोय. कान फसवतो, विशेषतः स्वतःचा, चित्र फसवत नाही.

दुसरी अडचण मधल्या वेगाची. साधारण १४०-१५० पर्यंत मांडीपासून अख्खा पाय उचलून चालतं, १८० च्या पुढे घोट्यातूनच वाजवावं लागतं, आणि या दोघांच्या मधे अशी जागा येते जिथे पाय जड पडतो आणि घोटाही धड चालत नाही. बहुतेकजण तिथेच महिनोन्महिने अडकतात. पायाचा चवडा पेडलवर जरा मागे घेतला तर घोट्याला जागा मिळते. पाय खाली मारायला ताकद सगळ्यांकडे असते, कमी पडतो तो वर उचलणारा, नडगीच्या पुढचा स्नायू, म्हणून टाच टेकवून हळू वाजवायचा सराव जुनाट वाटला तरी सोडू नये. नडगी भरून आली तर ठीक, गुडघ्यात किंवा घोट्यात टोचायला लागलं तर लगेच थांबायचं.

हील-टो ही वेगळी युक्ती, एकाच डोलण्यात आधी टाच आणि मग चवडा, म्हणजे एका हालचालीत दोन ठोके. तबल्यावर धिरधिर वाजवताना तळहात एका कडेवरून दुसऱ्या कडेवर डोलवतात तेच तत्त्व. तबल्याचा रियाज केलेल्यांना आणखी एक गोष्ट आयती मिळते: क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) तीच ठेवून आधी एट्थ, मग त्याची आडी (दीडपट) म्हणजे ट्रिप्लेट, मात्रेला तीन ठोके, मग दुगुन म्हणजे सिक्स्टींथ, आणि परत उलट खाली. बीपीएम नुसता चढवत नेण्यापेक्षा हे कितीतरी जास्त शिकवतं, कारण लय बदलताना पाय कुठे अडखळतो ते तिथल्या तिथे कळतं.

सेटिंग पटकन सांगतो. स्टूल एवढं उंच की मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती राहील. दोन्ही पेडल हातांनी एकदम दाबून बघा, दोन्ही बीटर एकाच क्षणी चामड्याला लागले पाहिजेत. नाही लागले तर पायांना दोष देऊ नका, आधी बीटरची लांबी आणि कोन सारखा करा. स्प्रिंग फार घट्ट केली तर पाय लवकर दमतो, सैल ठेवली तर बीटर वेळेत परत येत नाही.

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये प्रॅक्टिस पॅडवर वाजवलं तरी धक्के फरशीतून खालच्या मजल्यावर जातात, त्याला दोन प्लायवूडच्या मधे टेनिस बॉल बसवून केलेला चौथरा बऱ्यापैकी चालतो. फक्त रबरी पॅडवर बीटर खऱ्या चामड्यापेक्षा जास्त उसळतो आणि पायांना फुकटची मदत होते, म्हणून आठवड्यातून एकदा जॅमरूममध्ये (भाड्याच्या सराव-खोलीत) खऱ्या किकवर वाजवून बघावं आणि वहीत तिथलाच बीपीएम लिहावा.