ट्रोल शोधणारी मधमाशी आणि हरवलेला पोर्ट नंबर

‘ब्लॅक मिरर’ मालिकेचा ‘हेटेड इन द नेशन’ हा भाग २०१६ साली आला. एका हॅशटॅगखाली लोक ज्याच्या मरणाची मागणी करतात, त्याला यांत्रिक मधमाश्या ठार मारतात. शेवटी त्याच माश्या हॅशटॅग वापरणाऱ्या ३,८७,०३६ जणांवर उलटतात. (शेवट फोडला, पण पुढचं सगळं त्यावरच आहे.)

माणसांचं चित्रण चोख आहे. यातली एक ट्रोल चक्क बालवाडीची शिक्षिका आहे आणि ती काहीही लपवत नाही. निनावीपणा काढला की ट्रोलिंग थांबेल, हा समज दक्षिण कोरियाने करून पाहिला. तिथे २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर ओळख पटवणं सक्तीचं होतं. बेकायदा मजकूर त्यामुळे ठळकपणे घटल्याचं दिसत नाही, असं म्हणत तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २०१२ मध्ये तो नियम रद्द केला.

तंत्र मात्र गंडलंय. माश्या सोडणाऱ्या मारेकऱ्याच्या यादीत हॅशटॅग वापरणाऱ्या प्रत्येकाचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, आहे. *#०६# डायल केलं की दिसणारा हा १५ आकडी क्रमांक: पहिले आठ मॉडेलचे, पुढचे सहा त्या हँडसेटचे, शेवटचा पडताळणीचा. तो मोबाइल कंपनीच्या टॉवरला कळतो, तुम्ही उघडलेल्या संकेतस्थळाला नाही. अँड्रॉइड १० पासून साध्या ॲपलाही तो वाचता येत नाही. शिवाय तो एकमेव असेलच असं नाही. २०२० मध्ये मेरठ पोलिसांना एकच आयएमईआय असलेले १३,५०० हून अधिक फोन सापडले होते. मधमाशीने कुणाकडे जायचं?

खरा माग आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या जोडणीच्या क्रमांकावरून लागतो, आणि गंमत इथे आहे. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे पत्ते जेमतेम ४२९ कोटी. म्हणून कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. याला कॅरियर ग्रेड नॅट म्हणतात. तुमच्या फोनला आतला, खाजगी पत्ता मिळतो. बाहेर जाताना नॅट तो पुसून सार्वजनिक पत्ता लावतं आणि उत्तर कुणाकडे परत पाठवायचं हे लक्षात राहावं म्हणून एक पोर्ट नंबर जोडतं. पोर्ट एकूण ६५,५३६. पहिले १,०२४ राखीव धरून सोडले आणि प्रत्येक ग्राहकाला २,००० दिले, तर एका पत्त्यामागे ३२ जण बसतात.

म्हणजे संकेतस्थळाने फक्त आयपी नोंदवला असेल, तर हाती येतात ३२ संशयित. एक माणूस गाठायला तीन गोष्टी एकत्र लागतात: आयपी, सोर्स पोर्ट (नॅटने जोडलेला तो नंबर) आणि सेकंदापर्यंतची वेळ. पोर्ट नोंदवायचं बरेच सर्व्हर विसरतात. वेळेचा घोळ त्याहून वाईट. सर्व्हरची नोंद बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असते, भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. रूपांतर चुकलं, एएम-पीएम लिहायचं राहिलं, की तोवर तो पत्ता आणि पोर्ट भलत्याच ग्राहकाकडे गेलेला असतो. २००७ मध्ये ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावरच्या शिवाजी महाराजांविषयीच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. आयपीची माहितीच चुकीची निघाली. तोवर त्याचे ५० दिवस तुरुंगात गेले होते.

आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत पत्ते भरपूर, म्हणून ही वाटणी लागत नाही, त्यामुळे माग सोपा होतो. व्हीपीएन (तुमचा पत्ता झाकून स्वतःच्या सर्व्हरमार्फत नेणारी सेवा) असेल तर माग त्याच्या सर्व्हरपाशी अडतो आणि पुढचं त्या कंपनीच्या नोंदींवर. आणि हो, ‘तिसरी टिक लाल झाली की सरकारने तुमचा मेसेज वाचला’ हा व्हॉट्सॲपवर फिरणारा संदेश म्हणजे शुद्ध थाप आहे. अशी टिकच नाही.

तक्रार करायची असेल तर नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. त्या पोस्टची पूर्ण लिंक जपून ठेवा. खात्याचं नाव बदलता येतं, म्हणून शक्य असल्यास त्याचा अंकी आयडीही टिपा. वेळ लिहिताना पुढे ‘भारतीय प्रमाणवेळ’ असं स्पष्ट लिहा. आणि उशीर करू नका: सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांवर नोंदी जपायचं बंधन १८० दिवसांचंच आहे.