शाळेसमोरचा रस्ता सुरक्षित करून घ्यायचाय? सोलापुरात अर्ज कुठे आणि कसा करावा

शाळा सुटायच्या वेळी होटगी रोड, विजापूर रोड किंवा अक्कलकोट रोडला पाच मिनिटं थांबून बघा. फाटकाला खेटून रिक्षा, पालकांच्या दुचाक्या आडव्या, आणि त्यांच्या मधून पोरं थेट रस्त्यावर. गाळप हंगामात शहराबाहेरच्या शाळांसमोर उसाच्या ट्रॉल्यांची भर पडते. पालक याबद्दल बोलतात, चिडतात, पण लेखी फार कमी जण देतात. तोंडी तक्रारीला आवक क्रमांक (कार्यालयात अर्ज नोंदल्याचा नंबर) मिळत नाही, त्यामुळे तिचा पाठपुरावाही करता येत नाही.

आधी रस्ता कोणाचा ते शोधा

अर्ज इथेच अडकतात. शहरातल्या बहुतेक अंतर्गत रस्त्यांसाठी महापालिकेचं विभागीय कार्यालय (आपण झोन म्हणतो ते) आणि नगर अभियंता. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग बहुतांशी सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, गावातले रस्ते जिल्हा परिषदेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे. पुणे-हैदराबाद महामार्गालगत शाळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण. रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड पाहिला तरी अंदाज येतो: वर पिवळा पट्टा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग. तरीही शंका राहिली, तर झोनच्या अभियंत्याला विचारून घ्या. शहरातून जाणारे काही मोठे रस्ते वळणरस्ते (बायपास) झाल्यावर एका खात्याकडून दुसऱ्याकडे जातात, आणि जुन्या माहितीवर दिलेला अर्ज महिनाभर टेबलावर फिरत राहतो.

गतिरोधक, झेब्रा पट्टे, फलक, पदपथ ही कामं रस्ता ज्याचा त्याची. नो-पार्किंग, शाळेच्या वेळेत जड वाहनांना बंदी, चौकात पोलीस ही मागणी मात्र शहर वाहतूक शाखेकडे, म्हणजे पोलीस आयुक्तालयाकडे. ग्रामीण भागात पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे. म्हणून एका शाळेसाठी दोन वेगळे अर्ज करा, आणि दोन्हींची प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्या.

अर्ज कोण करू शकतो

कोणीही. पालक, मुख्याध्यापक, शेजारचे रहिवासी. शुल्क नाही. पण वजन कशाला पडतं ते सांगतो: शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाला. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे ठराव आणणं पालकांच्या हातात आहे. खासगी विनाअनुदानित शाळेत ही समिती नसते, तिथे पालक-शिक्षक संघाचा ठराव घ्या. शिवाय राज्याच्या 2011 च्या स्कूल बस नियमांप्रमाणे मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला हवी. ती केवळ कागदावर असेल तर बैठक लावायला सांगा, कारण वाहतूक पोलिसांचा प्रतिनिधी तिच्यात असतो.

सोबत काय जोडायचं

ठरावाची प्रत, शाळेचा युडायस क्रमांक (प्रत्येक शाळेला मिळालेला सरकारी ओळख क्रमांक), पटसंख्या, भरण्या-सुटण्याच्या वेळा. शाळा सुटतानाचे तीन-चार फोटो, फाटक आणि वाहनं एका चौकटीत दिसतील असे. अपघात झाला असेल तर गुन्ह्याची किंवा पोलीस ठाण्यातील नोंदीची प्रत. आणि हाताने काढलेला नकाशा, ज्याच्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. फाटक कुठे, बसथांबा कुठे, मुलं कुठून रस्ता ओलांडतात, उतार कोणत्या बाजूला, हे पानभर कागदावर दाखवलं की अभियंत्याला स्थळपाहणीआधीच मुद्दा कळतो.

मागणी नेमकी लिहा. “योग्य ती कार्यवाही व्हावी” असं लिहिलं तर उत्तरही तसंच मोघम येतं. त्यापेक्षा असं लिहा: “मुख्य फाटकाच्या दोन्ही बाजूंना मानकाप्रमाणे गतिरोधक, त्याआधी सूचनाफलक, फाटकासमोर झेब्रा पट्टे, आणि सकाळी व दुपारी शाळेच्या वेळेत फाटकाच्या दोन्ही बाजूंना नो-पार्किंग.” राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक मागू नका, केंद्राचं धोरण ते काढण्याचं आहे. तिथे रंबल पट्ट्या (वाहन हादरवून वेग कमी करायला लावणाऱ्या बारीक उंच पट्ट्या), लुकलुकणारे पिवळे दिवे, सेवा रस्ता किंवा पादचारी पूल मागा.

दिल्यानंतर

दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. महिनाभरात हालचाल नसेल तर “आपले सरकार” तक्रार पोर्टलवर तोच क्रमांक टाकून तक्रार नोंदवा. जिल्हाधिकारी कार्यालयात नागरिकांच्या तक्रारी ऐकण्याचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, पण अर्ज विहित नमुन्यात आणि पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. तिथे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची असावी लागते, त्यामुळे शंभर सह्यांचं निवेदन परत येऊ शकतं. एका पालकाने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मुलाला होणारा धोका मांडावा.

मग माहिती अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून विचारा: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर कोणती कार्यवाही झाली, स्थळपाहणी अहवालाची प्रत द्या. 30 दिवसांत उत्तर अपेक्षित आहे, नाही आलं तर पहिलं अपील. मोटार वाहन कायद्याच्या कलम 198अ नुसार रस्त्याची रचना किंवा देखभाल मानकाप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. धमकी म्हणून नाही, पण अर्जात या कलमाचा उल्लेख जरूर करा.

गतिरोधक झाला की टेप घेऊन मोजा. गोलाकार गतिरोधकाचं मानक 3.7 मीटर रुंदी (वाहन जातं त्या दिशेने) आणि 10 सेंटिमीटर उंची असं आहे. आपल्याकडे रातोरात डांबराचा अरुंद, उंच ढीग टाकून जातात. त्याने दुचाकीवरची आई आणि मागे बसलेलं मूल दोघंही पडतात. रंग नसेल, आधीचा फलक नसेल, माप चुकलं असेल, तर जुन्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन दुरुस्तीचं पत्र त्याच आठवड्यात द्या. उन्हाळ्यात पट्टे पुसट होतात, तेव्हा जूनमध्ये शाळा भरण्याआधी, एप्रिल-मेमध्येच पुन्हा रंगवण्याची मागणी करून ठेवा.