त्रिकोणी डोंगर आणि सपाट सिंहगड

पुण्यातल्या कुठल्याही शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांना ‘निसर्गचित्र काढा’ म्हटलं, की कागदावर काय उमटणार ते आधीच सांगता येतं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून निघून थेट आपल्याकडे येणारी नदी, काठावर कौलारू झोपडी, शेजारी नारळाचं झाड. वर्गाच्या खिडकीतून पर्वती दिसत असली तरी चित्रात ती येत नाही.

यावरून मुलांचं लक्ष नसतं, असा निष्कर्ष मोठी माणसं काढतात. तो चुकीचा आहे. लहान मूल समोर दिसतं ते काढतच नाही, त्याला जे ठाऊक असतं ते काढतं. फ्रेंच अभ्यासक जॉर्ज-आंरी ल्युके यांनी १९२७ सालच्या पुस्तकात हे सविस्तर मांडलं. म्हणून तर मुलांच्या चित्रात घराच्या भिंतीआडची माणसं दिसतात आणि आईच्या पोटातलं बाळही दिसतं. १९७२ मध्ये फ्रीमन आणि जॅनिकून या संशोधकांनी याची साधी पण नेमकी चाचणी घेतली. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसमोर एक कप असा ठेवला, की त्याचा कान मागे लपेल आणि कपावरचं फूल समोर येईल. लहान मुलांनी न दिसणारा कान काढला आणि समोरचं फूल बहुतेक गाळलं. साधारण आठव्या वर्षापासून मुलं कान गाळू लागली. कान नसेल तर तो कप कसला, हा लहानग्यांचा विचार तर्काला धरूनच आहे.

पर्वतीच्या पायथ्याजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवणारे एक सर माझ्या ओळखीचे आहेत. शिक्षकांच्या खोलीतला चहाचा कप घेऊन ते हाच प्रयोग वर्गात करतात. तिसरीतल्या एका मुलीला त्यांनी विचारलं, “कान दिसतोय का तुला?” ती ठामपणे म्हणाली, “मागे आहे ना सर!” सरांनी मान डोलावली आणि पुढच्या बाकाकडे गेले. त्यांनी तिचा कान खोडायला लावला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या वयात ‘बघून काढ’ असं दटावलं, तर मूल बघायला शिकत नाही. सरांना काय आवडतं, तेवढं मात्र शिकतं.

चित्राखाली ‘छान’, तारा किंवा गुण देणंही ते टाळतात. पालकांना हे खटकतं. पण यामागे भक्कम आधार आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी केलेला प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. मनापासून चित्रं काढणाऱ्या काही मुलांना ‘चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्रक मिळेल’ असं आधीच सांगितलं, काहींना ते अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिलं, तर बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रात रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती. आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा आहेत, दहावीला वाढीव गुण आहेत, आणि सर त्यांची तयारीही नेटाने करून घेतात. पण पहिली-दुसरीतल्या मुलांनाही शनिवार-रविवारी एका स्पर्धेतून दुसरीकडे पळवणं मला क्रूर वाटतं.

खरी कसोटी पाचवी-सहावीत लागते. मुलं आता आपलं चित्र खऱ्या वस्तूशी ताडून पाहू लागतात आणि ‘मला चित्रकला येत नाही’ हे वाक्य वर्गात ऐकू येऊ लागतं. इथे सर शिकवतात, आणि कसून शिकवतात. खोडरबर दप्तरात. चुकीची रेघ तशीच ठेवायची, शेजारी दुसरी काढायची. आपल्याच तळहाताचं चित्र कागदाकडे न पाहता, नजर हातावरून न हलवता काढायचं. चित्र वेडंवाकडं येतं, पण बोटाच्या पेरावरची वळी मुलाला पहिल्यांदा दिसलेली असते.

वेड्यावाकड्या चित्राचाही उपयोग होतो, याला पुरावा आहे. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या वॅम्स, मीड आणि फर्नांडिस यांनी २०१६ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. काही शब्द पुन्हा पुन्हा लिहायला सांगितले, काहींची चित्रं काढायला सांगितली. चित्र काढलेले शब्द लोकांना कितीतरी जास्त आठवले, अनेकदा दुपटीच्या आसपास. चित्राला अवघी चार सेकंद दिली तरी फायदा दिसला, आणि चित्र किती सुबक आलं याच्याशी त्याचा संबंध नव्हता. अर्थाचा विचार, डोळ्यापुढची प्रतिमा आणि हाताची हालचाल हे सगळं एकाच वेळी घडतं, म्हणून आठवण पक्की होते, असं संशोधकांचं म्हणणं आहे. हे प्रयोग मोठ्या माणसांवर झाले होते, पण विज्ञानाच्या तासाला आकृती ‘छापील हवी’ असा हट्ट धरणाऱ्यांनी ते जरूर वाचावेत.

सहावीच्या मुलांना सर पर्वतीवर नेतात आणि नैर्ऋत्येकडचा सिंहगड काढायला सांगतात. कुणीतरी सवयीने त्रिकोण काढतंच. मग सर एवढंच विचारतात, “टोक कुठे आहे रे?” टोक सापडत नाही. माथा जवळपास सपाट, खाली उभा कडा, मग उतार, पुन्हा कडा. “सर, डोंगराला पायऱ्या कुणी केल्या?” हा प्रश्न एकदा असाच एका चित्रातून निघाला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पुन्हा पुन्हा वाहत आला आणि थरांवर थर बसत गेले. घट्ट थरांचे कडे उरले, ठिसूळ थर झिजून उतार झाले. दख्खनच्या बहुतेक डोंगरांना टोकं नसतात ती त्यामुळे. सरांनी तिथे हे काहीच सांगितलं नाही, मुलाला वहीसकट भूगोलाच्या बाईंकडे धाडलं. तेव्हापासून सहावीचा खडकांचा धडा आला, की बाई पाठ्यपुस्तकाबरोबर चित्रकलेच्या वह्याही मागवून घेतात.