निवृत्तीनंतर कोइंब्रात राहायचंय? डी-७ व्हिसाची तयारी सांगलीतून

नोकरी न करता दरमहा येणाऱ्या उत्पन्नावर पोर्तुगालमध्ये राहू इच्छिणाऱ्यांसाठी डी-७ हा निवासी व्हिसा आहे. पेन्शन, घर-दुकानाचं भाडं, ठेवींचं व्याज हे त्यात धरतात. उत्पन्न तिथल्या किमान वेतनाइतकं तरी हवं, जोडीदारासाठी त्याच्या निम्मं आणखी. २०२५ साली किमान वेतन ८७० युरो होतं, म्हणजे दोघांचे १,३०५. शंभर रुपयांना युरो धरला तर महिना एक लाख तीस हजार. पेन्शन विकलेली असेल तर कापून हातात येणारी रक्कमच मोजा. शिवाय वर्षभर पुरेल एवढी शिल्लक खात्यात दाखवावी लागते.

कोइंब्रा हे विद्यापीठाचं गाव. विद्यापीठ १२९० चं, २०१३ पासून जागतिक वारसा यादीत. पण ते टेकडीवर आहे आणि जुन्या गावात चढ-पायऱ्या फार, तेव्हा गुडघे दुखत असतील तर नदीकाठच्या सपाट भागात घर बघा. घराचा करार अर्जासोबत लागतो. सप्टेंबरात विद्यार्थ्यांची झुंबड असते, त्याआधीच शोधा.

खरी दमछाक इकडच्या कागदांत होते, त्यातही लग्नाच्या दाखल्यात. आपल्या पिढीतल्या अनेकांच्या लग्नाची नोंदच नाही, आहे ती फक्त पत्रिका. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नमुना ‘ड’ भरून, तीन साक्षीदार नेऊन नोंद आताही करता येते. लग्न लावणारे गुरुजी हयात नसतील तर काय लागेल ते खिडकीवर आधीच विचारा. ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं सासरचं नाव आधारवर, माहेरचं शाळेच्या दाखल्यावर आणि तिसरंच पासपोर्टवर, अशी गत असेल तर राजपत्रात नावबदल करून घ्या आणि सगळीकडे एकच नाव आणा. नाव जुळलं नाही तर बाकीची फाईल कितीही चोख असो, अडकते.

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट सेवा पोर्टलवरून काढायचं, शुल्क ५०० रुपये. ते ताजं लागतं, म्हणून सर्वांत शेवटी काढा. लग्नाच्या दाखल्याचं भाषांतर हवं, आणि सहसा आधी राज्य शासनाचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा शिक्का. मंत्रालय थेट कागद घेत नाही, नेमलेल्या एजन्सीकडे द्यावे लागतात. एजंटाने सांगितलेल्या आकड्याला लगेच मान डोलावू नका, मंत्रालयाचं स्वतःचं शुल्क अगदी किरकोळ आहे.

पासपोर्ट, फोटो, प्रवासविमा हे नेहमीचंच.

व्हिसा चार महिन्यांचा मिळतो. तेवढ्यात तिकडे जाऊन ‘आयमा’ या स्थलांतर विभागाकडे निवास परवाना घ्यायचा, तो आधी दोन वर्षांचा असतो. परवाना चालू असताना सलग सहा महिने किंवा तुटक मिळून आठ महिन्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहता येत नाही. दिवाळी ते अक्षय्य तृतीया गावीच काढायचा बेत असेल तर हा हिशेब आधी करा.

जाण्यापूर्वी बँकेला कळवून बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीचं खातं, करून घ्या. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू राहतं. नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्याचं काय करायचं तेही बँकेत बोलून ठेवा. सातबारावरचं नाव तसंच राहतं, मात्र अनिवासी झाल्यावर नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. शेजारचं रान विकायला निघालं असेल आणि घ्यायचं असेल तर खरेदीखत जाण्याआधी उरका.