लढता येणं कुठून येतं? बडोद्याच्या तालमींची पार्श्वभूमी

उन्हाळ्याची सुट्टी लागली की बडोद्यात स्वसंरक्षणाच्या वर्गांच्या पाट्या झळकू लागतात. मुलगी महिनाभर हवेत ठोसे मारते, प्रमाणपत्र घेऊन येते, आणि आजोबा विचारतात, "वेळ आली तर हिला लढता येईल का?" आजोबांची शंका रास्त आहे, आणि या शहरात तरी जुनीच आहे.

सगळ्यात मागे जायचं तर ज्येष्ठीमल्लांपर्यंत जावं लागतं. मोढेऱ्याशी नातं सांगणारे हे ब्राह्मण मल्ल. त्यांचं संस्कृत 'मल्लपुराण' बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरानं 1964 साली छापलं. संपादक सांडेसरा आणि मेहता. मल्लाच्या मेहनतीचे प्रकार त्यात नावानिशी आहेत: रंगश्रम म्हणजे प्रत्यक्ष कुस्ती, स्तंभश्रम म्हणजे खांबावरची मेहनत, गोणितक म्हणजे दगडी कड्याचा व्यायाम. शिवाय ऊहापोहश्रम, म्हणजे डावपेचांची चर्चा! चर्चेलाही श्रमांत धरणारा हा ग्रंथ मला फार शहाणा वाटतो. पण ती चर्चा रंगश्रमाच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही.

खंडेराव महाराजांच्या काळात (1856 ते 1870) दरबारी आश्रयाला उधाण आलं. साठमारी, म्हणजे चिडवलेल्या हत्तीशी माणसांची झुंज, होई, कुस्त्या होत, आणि हाताला शिंगाची नखं बांधून खेळायची नखी कुस्तीही होई. लुई रूसले या फ्रेंच प्रवाशानं ती पाहून तिचं वर्णन लिहून ठेवलं. अंगावर काटा आणणारा प्रकार. पण शिकण्याच्या दृष्टीनं त्यात अडचण होती. खऱ्या नखांनी रोज सराव करणारा पठ्ठा आठवडाभरही टिकणार नाही. जे रोज, पूर्ण जोरानं आणि समोरच्याच्या मर्जीविरुद्ध करता येतं, तेच अंगात मुरतं.

कुस्तीला हे साधलं, म्हणून ती टिकली. तालमीत जोर-बैठका होतात, हौदा म्हणजे मातीचा आखाडा उकरला जातो, पण वस्तादाचं खरं काम त्यानंतर सुरू होतं. तो जोड लावतो. कधी थोराडाला पोरासोराशी भिडवतो, कधी एकाला खाली बसवून दुसऱ्याला वरून पकड घ्यायला लावतो. एकच डाव आणि त्याची तोड पुन्हा पुन्हा करून घेतो, आणि मग लढत सोडतो. लढतीत समोरचा डाव सांगून टाकत नाही. तुमचा दम गेलेला असतो, मानेवर त्याचा भार असतो, आणि पट काढायला, म्हणजे त्याचा पाय धरून पाडायला, हात घालावा तर तोवर तो सरकलेला असतो. ढाकेसारखा डाव कधी बसतो आणि कधी अंगाशी येतो, हे तिथंच कळतं. पाठ लागली की वादाला जागा नसते. हत्यारांच्या बाबतीत हेच काम फरीगदग्यानं केलं: हातात चामड्याची ढाल आणि चामडं मढवलेली काठी, त्यामुळे वार पूर्ण वेगानं करता येई आणि माणूस दुसऱ्या दिवशी परत यायला शाबूत राही. मला तर ही युक्ती तलवारीच्या शोधाइतकीच मोलाची वाटते.

जपानात जिगोरो कानोंनी 1882 साली ज्यूदो सुरू करताना हाच मार्ग धरला. जीवघेणे प्रकार ठरलेल्या आकृतिबंधात ठेवले आणि उरलेल्यांची मोकळी झटापट रोजची केली.

बडोद्यात पुढचं वळण आलं ते प्रो. माणिकराव यांच्यामुळे. जुम्मादादा हे त्यांचे मुसलमान वस्ताद; शिष्यानं त्यांचंच नाव व्यायाम मंदिराला दिलं. इथं शिकलेल्यांपैकी स्वामी कुवलयानंदांनी पुढे 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली. माणिकरावांनी सांघिक कवायत आणि तिच्या देशी आज्ञा रूढ केल्या. कारण उघड आहे. एक वस्ताद फार तर आठ-दहा जोडांवर नजर ठेवील. आज्ञेवर लाठी फिरवणारी पोरं मात्र शेकडो असू शकतात, आणि राष्ट्रीय चळवळीला शेकडोच हवे होते. ओकिनावात 1901 च्या सुमारास इतोसूंनी कराटे शाळेत नेलं, तेव्हा तिथंही काता, म्हणजे एकट्यानं करायच्या ठरीव हालचाली, पुढे आले. शिस्त, बांधा, सहनशक्ती हे सगळं कवायतीतून मिळालं. समोरचा माणूस तेवढा गेला. उन्हाळी वर्ग याच कवायतीचे वारस आहेत, त्या जुन्या हौद्याचे नाहीत.

1936 पासून द. चिं. मुजुमदार यांनी संपादलेल्या मराठी 'व्यायाम ज्ञानकोशा'चे खंड बडोद्याहून निघू लागले. कोश थोरच आहे, पण पानावरचा डाव तोड देत नाही.

सयाजीबागेतल्या संग्रहालयात एक प्रचंड शिळा दाखवतात. गामा पैलवानानं ती 1902 साली उचलली असं सांगतात. गामाच्या ताकदीविषयी वाद नाही, पण त्याची लढत वाचायची तर लंडनची वाचावी. 10 सप्टेंबर 1910 रोजी पोलंडचा झिबिस्को त्याच्यासमोर अडीच तासांहून अधिक वेळ बहुतेक पालथाच पडून राहिला, आणि कुस्ती बरोबरीत सुटली. माझ्या मते, तालमीत एवढा वेळ न लढणारा गडी गामाला कुणी दिलाच नसेल. 1928 साली पतियाळात झिबिस्को उभ्यानं लढायला आला, तेव्हा गामानं त्याला मिनिटाच्या आत चीत केलं.