म्हाताऱ्या गाईची पिवळी चरबी

स्पेनच्या उत्तरेला बास्क प्रदेशातल्या तोलोसा गावात चांगल्या 'आसादोर'मध्ये, म्हणजे निखाऱ्यावर भाजून वाढणाऱ्या भोजनगृहात, जेवायला बसलात तर भाजण्याआधीचा कच्चा तुकडा नीट बघून घ्या. हाडासकटचा, जवळपास किलोभराचा, चार-पाच सेंटिमीटर जाडीचा हा बरगडीचा तुकडा. बास्क लोक त्याला 'चुलेता' म्हणतात आणि तो दोघा-तिघांत मिळून खातात. मांस गडद लाल, जवळजवळ जांभळट. कडेची चरबी मात्र पांढरी नसते, तुपासारखी पिवळी असते. या रंगातच जनावराचं वय लिहिलेलं असतं.

अमेरिकेत मांसासाठी पाळलेलं जनावर साधारण दीड-दोन वर्षांचं असतानाच कापलं जातं. बास्क आसादोरना हवी असते ती आठ-दहा वर्षांची किंवा त्याहूनही थोराड गाय, बऱ्याचदा आयुष्यभर दूध दिलेली. जगात बऱ्याच ठिकाणी असं मांस खिम्यात जातं. इथे तेच सगळ्यात महाग, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

गवतात बीटा-कॅरोटीन नावाचं पिवळं-नारिंगी रंगद्रव्य असतं. गाय त्यातल्या काहीच भागाचं 'अ' जीवनसत्त्व करते, उरलेलं चरबीत साठतं. म्हैस जवळपास सगळ्याचंच करून टाकते. गाईचं तूप पिवळं आणि म्हशीचं पांढरं दिसतं ते यामुळेच. वर्षानुवर्षं कुरणात चरलेल्या गाईच्या चरबीत हा रंग साचत जातो. वयाबरोबर स्नायूंतलं मायोग्लोबिन हे लाल रंगाचं प्रथिन वाढतं, म्हणून मांस गडद होतं. चवीतला दाटपणाही वयानेच येतो.

पण म्हातारं मांस चिवट नको का व्हायला? होतंच. कोलॅजेन या प्रथिनाचे धागे वयाबरोबर एकमेकांत घट्ट गुंततात. मानेचं किंवा पायाचं मांस तासन्‌तास शिजवल्याशिवाय हे धागे विरघळत नाहीत. आपल्याकडे पायाचा रस्सा खाताना बोटं चिकटतात, ते विरघळलेलं कोलॅजेनच. चुलेता मात्र पाठीच्या कण्यालगतची. या स्नायूला आयुष्यभर फारसं ओझं पडत नाही, त्यामुळे त्यात कोलॅजेन कमी. शिवाय कापल्यावर हे मांस कित्येक आठवडे थंडगार कोठीत टांगून ठेवतात. तेवढ्या काळात मांसातलीच विकरं, म्हणजे एन्झाइम्स, स्नायूंचे तंतू तोडत राहतात, पाणी उडून जातं, चव एकवटते.

मग विस्तव. लाकडातले धूर करणारे वायू कोळसा पाडतानाच निघून गेलेले असतात, त्यामुळे धगधगत्या निखाऱ्याला स्वतःचा धूर जवळजवळ नसतो. भाजलेल्या मांसाचा तो खमंग धुरकट वास मुख्यतः निखाऱ्यावर टपकणाऱ्या चरबीचा. ती फार टपकली तर ज्वाळा उठतात आणि काजळीने मांस कडवट होतं. तोलोसातल्या 'कासा हुलियान'ची जाळी तिरपी असते, म्हणजे बरीचशी चरबी गजांवरून खाली ओघळून जाते. आश्पे गावच्या 'आसादोर एचेबारी'त तर जाळ्या चाक फिरवून वर-खाली करता येतात, कारण आच वाढवायची-कमी करायची ती अंतरावर.

जाडी का लागते? उष्णता आत पोचायचा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट, तर वेळ सुमारे चौपट. पातळ तुकडा बाहेरून खरपूस होईपर्यंत आतून वाळून जाईल. बाहेरच्या थराला आधी कोरडं व्हावं लागतं, कारण पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांपुढे जात नाही. ते १४० अंशांच्या आसपास गेलं की प्रथिनांचे घटक आणि साखर यांची अभिक्रिया जोरात सुरू होते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ साली तिचं वर्णन केलं. तव्यावरच्या भाकरीचे तपकिरी डाग, भाजलेल्या खोबऱ्याचा वास, सगळी तिचीच करणी. आत मात्र ५० अंशांच्या आसपासच थांबायचं असतं. पासष्टीच्या पुढे ॲक्टिन हे प्रथिन आकसतं आणि मांसातला रस पिळून बाहेर काढतं.

भाजताना वर जाड्या मिठाचा थर देतात. न विरघळलेले खडे वाढण्याआधी झटकले जातात. सॉस नाही, मसाला नाही. ताटलीत लाल पाणी उतरतं ते बघून काहीजण बिचकतात. ते रक्त नव्हे, रक्त कापतानाच निघून गेलेलं असतं. ते मायोग्लोबिन मिसळलेलं पाणी.

काप संपले की हाड उरतं. त्याला लागून असलेलं मांस सगळ्यात कमी शिजलेलं आणि सगळ्यात रसाळ असतं, त्याच्याभोवती चरबीही भरपूर. बास्क माणसं ते सरळ हातात धरून चोखतात, कितीही भारी भोजनगृह असलं तरी.